रत्तलामागे किती?

आमच्या जुन्नरच्या औषधवाल्या चाचांना एक खोड होती. दुकानात आलेलं कुठलंही नवं औषध ते आधी स्वतः घेऊन बघत. खोकल्याचं असो, जंताचं असो, नाहीतर बाळंतिणीच्या शक्तीचं असो. बूच काढायचं, चमचाभर जिभेवर घ्यायचं, डोळे मिटून जरा थांबायचं आणि मग गिऱ्हाईकाला सांगायचं, "कडू हाय, पन खोटं न्हाई." बाळंतिणीचं टॉनिक मात्र त्यांना इतकं आवडलं की आख्खी बाटली संपवून त्यांनी दुसरी फोडली होती.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. दुकानाच्या पाटीवरही ते नव्हतं. पाटीवर एवढंच होतं, 'औषधे. विचारून घ्या.' बाजाराला येणाऱ्यांना वाटे, भाव विचारून घ्या. चाचांच्या मनात दुसरंच होतं. त्यांच्याशी बोलल्याशिवाय कुणी औषध नेऊ नये, असा त्यांचा कायदा होता. "ताप किती दिस हाय? जेवन काय झालं? राती घाम येतो का?" एवढं सगळं सांगेपर्यंत निम्म्या लोकांचं डोकं दुखायचं थांबे, असं समोरचा हिरड्याचा अडत्या म्हणायचा.

आणि गंमत म्हणजे, एवढं विचारणारा माणूस त्यातलं अक्षर बाहेर जाऊ देत नसे. खरजेचं मलम असो की साधी बोरिक पावडर, सगळ्यांच्या पुड्या एकाच मापाच्या, एकाच कागदात, एकाच दोऱ्यानं बांधलेल्या. बाईमाणसाला काही हवं असेल तर ती चिठ्ठी पुढं करी, चाचा चिठ्ठीशीच बोलत आणि पुडी सरकवत. "इथून गेलेल्या पिशवीत काय हाय हे पिशवीला पन कळता कामा न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

अंगानं ते अवाढव्य होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि त्या कोटाच्या खालच्या दोन गुंड्या मी कधी लागलेल्या पाहिल्या नाहीत. दर रविवारी, बाजार भरायच्या आधी, ते रस्ता ओलांडून अडत्याकडे जात आणि हिरड्याची पोती तोलायच्या काट्यावर उभे राहत. अडत्या वजनं टाकी, आजूबाजूचे हमाल जमत. कुणी ओरडे, "चाचा, यंदा हिरड्याला भाव न्हाई, तुमीच चढा राव!" चाचा हसत. आकडा मनात घोळवत परत येत आणि एका वहीत लिहीत. वही जाड, खरखरीत, हातकागदाची होती. त्यांचे वाडवडील जुन्नरी कागद करणारे. तो धंदा बसला, पण घरात राहिलेल्या तावांतून चाचांना जन्मभर पुरतील एवढ्या वह्या निघाल्या होत्या.

त्या वहीमुळेच माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली.

मी मूळची घोडेगावची. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील, तेव्हा मी जुन्नरला मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. वडील नव्हते. आई घोडेगावात शेतीवाडी बघे, दादा मुंबईला नोकरीत. मी तेवीस वर्षांची, वजन एकशे बासष्ट रत्तल. तेव्हा पौंडाला रत्तल म्हणत, किलो आले नव्हते, पण आले असते तरी लाज तेवढीच वाटली असती. पावसाळा संपता संपता मला एक स्थळ आलं. मुलगा मुंबईत सरकारी कचेरीत होता. बघायला आला तेव्हा त्यानं माझ्या पायाचं माप नाही घेतलं, मला चालायला नाही लावलं. विचारलं ते असं, "शाळेत काय शिकवता?" मी म्हटलं, भूगोल. तो म्हणाला, "मला नकाशे काढायला फार आवडायचं. नद्या निळ्या पेन्सिलीनं." एवढंच. पण मला तो आवडला. मी हे कुणाला बोलले नाही.

दोन दिवसांनी मुलाच्या मामांचा निरोप आला. मुलगी शिकलेली आहे, घर चांगलं आहे, पण अंगानं जरा जास्त. मार्गशीर्षात पुन्हा बघू, तोवर काही फरक पडला तर बरं. हे मामा म्हणजे तालुक्यातलं बडं प्रस्थ. त्यांचा शब्द त्या घरात शेवटचा.

आई म्हणाली, "उपास धर." मी सोमवार, गुरुवार, शनिवार धरले. साबुदाण्यानं वजन चार रत्तल वाढलं. मग दादानं मुंबईहून पाकिटातून दोन चिठ्ठ्या पाठवल्या. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या, दोन वेगवेगळ्या गोळ्यांच्या. सोबत दोन ओळी होत्या. 'दोन्ही वजन उतरवण्याच्याच आहेत. तिकडे भाव विचार आणि परवडेल ती घे.'

मी शाळा सुटल्यावर चाचांच्या दुकानात गेले, कुणी नाही असं बघून चिठ्ठ्या पुढं केल्या आणि म्हटलं, "यातली स्वस्त कुठली?"

चाचांनी चिठ्ठ्या वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग स्टूल पुढं सरकवलं. "बसा बाई. ह्याचं उत्तर माझ्याकडं लिहून ठेवलेलं हाय."

आणि ती वही त्यांनी माझ्यापुढं उघडली.

झालं होतं असं की वर्षभरापूर्वी गुडघे दुखतात म्हणून ते पुण्याच्या डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. आता औषधवाला माणूस. त्यांनी वजन उतरवण्याची जेवढी औषधं मिळाली तेवढी आणली आणि एकामागून एक स्वतःवर चालवून बघितली. वहीत रकाने आखले होते. औषध, खर्च, उतरलेले रत्तल, रत्तलामागे किती, आणि शेवटचा रकाना, 'घरचा शेरा'. चाचींना लिहिता येत नव्हतं. त्या सांगत, चाचा प्रामाणिकपणे उतरवून घेत.

पहिलं औषध होतं वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचं चूर्ण. डबा तीन रुपयांचा. दोन रत्तल उतरले, म्हणजे रत्तलामागे दीड रुपया. तिसऱ्या दिवशी दोन्ही रत्तल परत. घरचा शेरा: 'घरात थांबत नाही. परसाकडेच राहतो.'

दुसऱ्या होत्या थायरॉइडच्या गोळ्या, माझ्या एका चिठ्ठीवर होत्या त्याच. दोन महिन्यांचे बारा रुपये, सहा रत्तल उतरले. "म्हंजे रत्तलामागं दोन रुपये," चाचा म्हणाले, "पन थांबा. हात थरथरायला लागले. दुकानात साडेचार रुपयांच्या बाटल्या फोडल्या. त्या धरायच्या का न्हाई? पावनेतीन रुपये पडला रत्तल." घरचा शेरा: 'छाती धडधडते ती माझ्या अंथरुणापर्यंत ऐकू येते.'

"वाईट औषध न्हाई हां हे," त्यांनी लगेच बोट वर केलं. "ओझरची एक बाई व्हती, सुजलेली, थंड पडलेली, उठायची न्हाई. तिच्या गळ्यातल्या गाठीचं काम कमी पडत व्हतं. ह्याच गोळीनं ती पान्याला जायला लागली. ज्याला कमी हाय त्याला हे अमृत. माझ्यात कमी न्हवतंच, मी वरून वतलं."

तिसऱ्या गोळ्या होत्या भूक मारणाऱ्या. माझी दुसरी चिठ्ठी. चाळीस दिवस, बावीस रुपये, अकरा रत्तल उतरले. रत्तलामागे दोन रुपये. मी मनातल्या मनात म्हटलं, हीच. चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि पान उलटलं. मागच्या बाजूला लिहिलं होतं, 'बंद केल्यावर दोन महिन्यांत चौदा रत्तल परत.'

"अकरा गेले, चौदा आले," ते म्हणाले. "म्हंजे बावीस रुपये दिऊन मी तीन रत्तल चरबी इकत घेतली. एवढी महाग चरबी आख्ख्या जुन्नरात कुनाची नसंल."

त्या पानावर घरचा शेरा सगळ्यात लांब होता. 'बोलतो. फार बोलतो. माझं ऐकत नाही. फडताळ तीनदा लावलं. माझ्या भावाशी भांडला.' खाली चाचांनी स्वतः भर घातली होती: 'एकंदर भांडणं सात. पैकी सहा मिटली.' मेव्हणा अजून बोलत नव्हता.

मी हसले. हसले आणि मग मला राग आला. ह्यांना हसायला काय जातं! ह्यांचं लग्न झालेलं. मी म्हटलं, "चाचा, मला भूक मारणाऱ्या द्या. चिठ्ठी आहे."

"हा डागदर तुमाला भेटला का?"

"दादानं सांगितलं त्यांना सगळं."

"नाडी बघितली त्यांनी तुमची? छाती ऐकली?" मी मानेनंच नाही म्हटलं. चाचांनी दोन्ही चिठ्ठ्या घडी घालून माझ्या हातात दिल्या. "मग ही चिठ्ठी न्हाई, हे भावाचं पोस्टकार्ड झालं. आपल्या सरकारी दवाखान्यातल्या डागदराला दाखवून या. त्यानं तपासून लिहिलं तर आत्ता देतो. तो न्हाई म्हनला तर मी पन न्हाई."

सरकारी दवाखान्यात जायचं म्हणजे गावाला कळायचं. मी तरातरा निघून आले आणि दादाला लिहिलं. आठ दिवसांत पार्सल आलं. पांढऱ्या गोळ्या, मधोमध रेघ.

खोटं कशाला सांगू, पहिले पंधरा दिवस मला स्वर्ग हाती आल्यासारखं झालं. भूक म्हणून लागेना. भाकरीचा चतकोर समोर असला तरी तो लाकडाचा वाटे. पहाटे चारला टक्क जाग. शाळेत मी भारताचे, आशियाचे, आफ्रिकेचे नकाशे पुठ्ठ्यावर काढून भिंतीवर लावले. वह्या तपासून झाल्या की दुसऱ्या बाईंच्या वह्या मागून घेई. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "काय उत्साह आहे तुमचा!" पोलकी सैल झाली. आई घोडेगावाहून आली, मला बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई बारीक झालीस गं. आता कोन न्हाई म्हनतंय बघू!"

मग छाती धडधडू लागली. तोंड कोरडं पडे. वर्गात कुणी हळू बोललं तरी मला ते ओरडल्यासारखं ऐकू येई. एक दिवस पाचवीतली एक मुलगी गोदावरीचा उगम सांगताना अडखळली. तिला येत होतं, ती जरा थांबली होती इतकंच. मी तिच्या थोबाडीत मारली. मी आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. ती रडलीही नाही, माझ्याकडे बघत राहिली. त्या संध्याकाळी मी खोलीवर बसून स्वतःला सांगत होते की मार्गशीर्षाला तीनच आठवडे राहिलेत.

तोंडात फोड आले म्हणून मी रविवारी चाचांकडे ग्लिसरीन आणायला गेले. बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं. मी "तोंड आलंय" एवढंच म्हटलं. चाचांनी माझ्याकडे बघितलं, नुसतं बघितलं. ग्लिसरीनची बाटली बांधता बांधता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, आमच्या घरात तुमच्याशी काम हाय. त्या लुगड्याचं इचारत व्हत्या. आतनं जा."

लुगड्याबिगड्याचं काही नव्हतं. दुकानाच्या मागेच घर होतं. चाचींनी मला बसवलं, चहा ठेवला. थोड्या वेळानं चाचा आत आले, चौकटीपाशीच थांबले.

"कुठली? पांढरी, मधी रेघ असलेली?"

"कशावरून म्हणता?"

"तुमी दात चावताय. मघापासनं. गाल आतनं फाटलाय तो फोडांनी न्हाई, दातांनी."

मला कळलंच नव्हतं. मी जबडा सैल सोडून बघितला आणि तो आपोआप पुन्हा आवळला गेला.

चाचा खाली बसले. त्यांना खाली बसायला बराच वेळ लागे, त्यामुळं ते सहसा बसत नसत. ते लढाईत होते हे मला माहीत होतं, आसामकडे फौजेच्या इस्पितळात कंपाउंडर. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"ही गोळी मी तवाच बघितली. तवा ती वजनाची न्हवती, जागं ऱ्हायची व्हती. लारीवाल्यांना द्यायचे. दोन दोन, तीन तीन दिस गाडी चालवायची म्हनून. एक आपल्या खेडकडचा व्हता. मीच त्याच्या हातावर गोळ्या ठेवायचो. तिसऱ्या दिवशी त्याला घाटात रस्त्यामधी त्याची म्हैस दिसली. घरची म्हैस. तिला वाचवायला त्यानं गाडी दरीत घातली. आनला तवा शुद्धीत व्हता. मला म्हनला, म्हस बरी हाय का? मी म्हनलं, बरी हाय. संध्याकाळी गेला."

चाची चहाची कपबशी हातात धरून उभ्या होत्या. त्यांनीही हे पहिल्यांदा ऐकलं असावं.

"आन तीच गोळी मी गुडघ्यासाठी घेतली," चाचा म्हणाले. "नाव नवं, डबी नवी. माझी मलाच वळखू आली न्हाई. चाळीस दिसांनी एकदा आरशात बघितलं तर दात चावत व्हतो. तवा तो आठवला."

मी त्या मुलीला मारल्याचं त्यांना सांगितलं. ते सांगताना मला जाणवलं की माझी बोटं पदराशी सारखी चाळा करताहेत आणि थांबत नाहीत. चाचींनी माझा हात धरला आणि त्या दचकल्या. "अहो, हिची नाडी बघा की."

चाचांनी नाडी बघितली नाही. ते उठले, दुकानात गेले आणि मला फळ्या लावल्याचा आवाज आला. आठवड्याची निम्मी कमाई ज्या दिवशी व्हायची त्या दिवशी, भर बाराला, त्यांनी दुकान बंद केलं. लोक ओरडत होते. "दोन घंट्यात येतो," एवढंच ते म्हणाले. पुढं मी आणि चाची, मागं वीस पावलांवर चाचा, असे आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. मला वाटलं होतं तसं गावानं बघितलं, पण दोन बायका दवाखान्यात चाललेल्या बघून गावाला काय कळणार!

डॉक्टरांनी नाडी मोजली, एकशे अठ्ठावीस. पुन्हा मोजली. मला तासभर आडवं ठेवलं. गोळ्या आजपासून बंद म्हणाले, आणि "अजून महिनाभर चालल्या असत्या तर मी काही सांगू शकलो नसतो," असंही म्हणाले. गळा चाचपून बघितला, डोळे बघितले. "तुम्हाला कुठलाही रोग नाही. तुमची ठेवण अशी आहे. जेवा, चाला, झोपा."

पुढचे दहा-बारा दिवस मी नुसती झोपले आणि खाल्लं. शाळेत गेले की डोकं दगडाचं. मन असं उदास की नकाशावरचे रंगसुद्धा मळलेले वाटत. चाची एक दिवसाआड येऊन बसायच्या. आईला कळलं तेव्हा तिनं आधी विचारलं, "त्यांच्याकडं चहा पिलीस?" आणि मग जरा वेळानं, "बाई एकटीच आली का तुझ्याकडं, एवढ्या उन्हाची?" पुढच्या खेपेला आईनं घोडेगावाहून त्यांच्यासाठी आंबेमोहोराचे तांदूळ आणले. गेलेले रत्तल हळूहळू परत येत होते. आई ते बघत होती, बोलत नव्हती. मार्गशीर्ष आला.

त्याच सुमारास मुलाचे मामा जुन्नरला चाचांच्या दुकानात येऊन गेले. हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं पुष्कळ वर्षांनी. तोवर माझं लग्न होऊन गेलं होतं, एका शिक्षकाशी, मंचरला. चाचांना शेवटी मधुमेह झाला. एवढा मोठा माणूस दोन वर्षांत निम्मा झाला, कोट अंगावर टांगल्यासारखा. बाजारातली माणसं कौतुकानं म्हणत, "चाचा, झ्याक बारीक झालात की!" ते कुणाला काही सांगत नसत, "व्हय की," म्हणत. ते गेल्यावर मी चाचींना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी ही गोष्ट सांगितली.

मामा दुकानात आले, स्टुलावर बसले, इकडची तिकडची चौकशी केली आणि म्हणाले, "ती मुलींच्या शाळेतली जाडी मास्तरीन वजनाच्या गोळ्या खाती असं कानावर आलंय. तुमच्याकडनंच नेत असंल. काय खरं हाय?"

चाचा म्हणाले, "पावनं, माझ्याकडं औषध मिळतं. मानसांची खबर मिळत न्हाई."

"आमच्या पोराच्या आयुष्याचा प्रश्न हाय. सून आजारी निघाली तर?"

"मग पोरीला इचारा. तोंड तिला हाय."

मामा तालुक्याच्या एका वसतिगृहाच्या कमिटीवर होते. तिथल्या मुलांची औषधं दर महिन्याला चाचांकडून जात. मामांनी उठता उठता त्याची आठवण करून दिली. चाचांनी त्यांना पान पुढं केलं आणि म्हणाले, "ऊन हाय, सावलीनं जा." पुढच्या महिन्यापासून वसतिगृहाची औषधं दुसरीकडून येऊ लागली.

"एवढं झालं आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत," मी चाचींना म्हटलं.

"तुझी पन खबर व्हती ना ती, बेटा," चाची म्हणाल्या. "कुनाची खबर कुनालाच सांगायचे न्हाईत. मग तुला तरी कशी सांगतील?"

त्या मार्गशीर्षात दुसऱ्यांदा बघण्याचा कार्यक्रम घोडेगावात झाला. पोहे झाले. मुलगा कोपऱ्यात बसला होता. मामांनी मला नीट वरून खाली बघितलं आणि विचारलं, "औषधं चालू हायत म्हनं तुमची?"

आई पटकन म्हणाली, "छे छे, कसली औषधं!"

मला काय झालं माहीत नाही. कदाचित त्या पाचवीतल्या मुलीचा चेहरा समोर आला असेल. मी म्हटलं, "घेत होते. महिनाभर घेतल्या. बारीक झाले होते. पण त्या गोळ्यांनी माझं डोकं ताब्यात राहिना, मी एका मुलीला मारलं. आता बंद केल्यात. पुन्हा घेणार नाही. मी आहे ती अशी आहे."

मी मुलाकडे बघितलं. तो बशीतल्या पोह्यांकडे बघत होता. मला वाटत होतं, आता हा काहीतरी विचारेल. वर्गात कुठला नकाशा चालू आहे, एवढं जरी. त्यानं पोहे संपवले आणि बशी खाली ठेवली.

आठ दिवसांनी नकाराचं कार्ड आलं. मी शाळेत सांगितलं, तेव्हा सगळ्या जणी म्हणाल्या, "सुटलीस बाई!" मुख्याध्यापिका म्हणाल्या, "असल्या घरात काय सुख मिळालं असतं?" दादाचं पत्र आलं, 'बरंच झालं.' आईसुद्धा दोन दिवस रडून म्हणाली, "जाऊ दे, मेली मानसं." मी सगळ्यांना हो म्हणत होते, हसत होते. मी फार शहाण्यासारखं वागले, असं सगळ्यांचं मत पडलं.

रविवारी मी चाचांच्या दुकानात गेले. काही घ्यायचं नव्हतं. तळेघरकडची माणसं पायी आली होती, दुकानात खोकल्याची, हिवतापाची गर्दी. मी बाजूला उभी राहिले. गर्दीवरून चाचांनी मान वर करून विचारलं, "काय बाई?"

"नाही म्हणून कळवलं त्यांनी."

चाचांच्या हातात बाटली होती. ती त्यांनी खाली ठेवली. मला वाटलं, हेही आता तेच म्हणणार.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पोरगा बरा व्हता म्हनत व्हते लोक. लई वाईट झालं, बाई."

एवढ्या दिवसांत हे कुणीच म्हणालं नव्हतं. माझं तोंड वाकडं झालं आणि भर दुकानात मला रडू फुटलं.

चाचा फळीमागून बाहेर आले. त्यांना त्या फटीतून बाहेर यायला नेहमी आडवं व्हावं लागे. "चला, चला, पायरीवर थांबा जरा सगळी," असं म्हणत त्यांनी गर्दी बाहेर काढली. माझ्यापुढं स्टूल सरकवलं, माझ्याकडे न बघता. आणि मग ते जाऊन दुकानाच्या दारात उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ.

बाहेरून एकजण खोकत खोकत ओरडला, "ओ चाचा, औषध देताय का जाऊ?"

"देतो की. तवर खोकून घ्या, पाच मिंट."

लोक हसले. बाहेर सगळा बाजार चालला होता, शाळेतल्या मुली होत्या, त्यांच्या आया होत्या. चाचांच्या पाठीनं दार पुरतं भरलं होतं. त्यापलीकडचं मला काही दिसत नव्हतं आणि पलीकडच्यांना मी. मी पदर तोंडाशी धरला आणि त्या नद्या निळ्या रंगवणाऱ्या मुलासाठी पोटभर रडून घेतलं. चाचा हलले नाहीत. माझं झालं हे त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण मी डोळे पुसले तेव्हाच ते दारातून बाजूला झाले आणि म्हणाले, "हं, खोकला कुनाला व्हता?"